महाराजांची अब्रू आणि करसनदासांची लेखणी

जून २०२४ मध्ये ‘महाराज’ नावाच्या एका हिंदी चित्रपटाचे प्रदर्शन गुजरात उच्च न्यायालयाने आठवडाभर रोखून धरले होते. पुष्टिमार्गी वैष्णवांच्या भावना दुखावतील, अशी अर्जदारांची तक्रार होती. न्यायालयाने चित्रपट पाहिला, त्यात आक्षेपार्ह काही सापडले नाही आणि २१ जूनला बंदी उठली. ज्या खटल्यावर हा चित्रपट बेतला होता, त्याचा निकाल १८६२ साली मुंबईत लागला होता. म्हणजे १६२ वर्षांपूर्वी भर कोर्टात सिद्ध झालेली गोष्ट पुन्हा सांगायलाही कोर्टाची परवानगी लागली! त्यावरून तो खटला लढणारा माणूस आम्हाला आठवला. त्याचे नाव करसनदास मुळजी.

हा माणूस आमच्या चळवळीतला नव्हे. जातीने कपोळ वाणी, भाषेने गुजराती, पंथाने वैष्णव. फुले-आंबेडकरी विचारांच्या पानांवर त्याचे नाव सहसा येत नाही. तरीही आम्ही आज त्याच्यावर लिहितो आहोत, कारण वृत्तपत्राने कोणाच्या खासगी आयुष्यात किती शिरावे, हा प्रश्न या देशात प्रथम एवढ्या गाजावाजाने ज्या खटल्यात लढला गेला, तो त्याचा खटला होता. आणि या प्रश्नाशी आमच्या समाजाचा संबंध फार जवळचा आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

करसनदासांचा जन्म १८३२ चा. लहानपणीच आई गेली आणि नात्यातल्या एका वयस्कर बाईने त्यांना सांभाळले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षण चालू असताना विधवाविवाहावर बक्षिसाचा निबंध जाहीर झाला. करसनदास लिहायला बसले. घरी ही बातमी कळली तेव्हा त्या सांभाळणाऱ्या बाईंनीच त्यांना घराबाहेर काढले. अजून निबंध छापलाही नव्हता! विधवेने पुन्हा लग्न करावे असे एखाद्या पोराने नुसते कागदावर लिहिणेही त्या काळात घर सुटायला पुरेसे होते. पुढे शाळामास्तरकी करून त्यांनी पोट भरले. दादाभाई नवरोजी, कवी नर्मद या मंडळींत ते वावरले. १८५५ साली त्यांनी ‘सत्यप्रकाश’ नावाचे गुजराती साप्ताहिक काढले. जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले ते याच सालात. १८५७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्त्रीबोध’ या मासिकाच्या संपादनातही करसनदासांचा वाटा होता.

आता त्यांचा सामना कोणाशी होता ते पाहिले पाहिजे. वल्लभाचार्यांच्या वंशातले पुरुष म्हणजे महाराज. मुंबईतले धनाढ्य भाटिये, लोहाणे, वाणी हे त्यांचे सेवक. महाराज नुसते गुरू नव्हते, देवच होते. दीक्षा घेताना भक्ताने तन, मन आणि धन तिन्ही अर्पण करायचे. व्यापाऱ्यांच्या मालावर मंदिराचा लागा बसवलेला होता. दर्शनाला, पाय धुवायला, झोपाळ्याला हात लावायला, प्रत्येक गोष्टीला पैसे होते. आणि तन अर्पण करण्याचा अर्थ काय लावला जात होता, ते सगळ्या जातीला ठाऊक होते. बोलत मात्र कोणी नव्हते. बोलणाऱ्याला जात होती, जातीत मुलेबाळे होती, मुलाबाळांची लग्ने व्हायची होती.

१८५९ च्या सुमारास एक चमत्कारिक कागद तयार झाला. एका दाव्यात एका महाराजांना कोर्टात हजर राहण्याचा हुकूम निघाला होता. देव कोर्टात कसा जाणार? तेव्हा भक्तांकडून सह्या घेण्यात आल्या की यापुढे कोणाही वैष्णवाने महाराजांना कोर्टात खेचायचे नाही, खेचील त्याला वाळीत टाकायचे. करसनदासांनी या कागदाला ‘गुलामीखत’ हे नाव दिले आणि ‘सत्यप्रकाश’मधून त्याच्यावर तुटून पडले. या शब्दावर आमच्या वाचकांची नजर थांबेल. जोतीरावांची ‘गुलामगिरी’ त्यानंतर चौदा वर्षांनी आली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. पण धर्माच्या नावाने लिहून घेतलेल्या कागदाला गुलामी म्हणण्याची अक्कल त्या काळात दोन वेगळ्या माणसांना दोन वेगळ्या गावांत सुचली होती, एवढे नोंदवून पुढे जातो.

१८६० मध्ये सुरतेचे जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज मुंबईत आले. हे गृहस्थ गप्प बसणारे नव्हते. विधवाविवाहावर त्यांनी नर्मदशी जाहीर वाद घातला. त्यांच्या बाजूने मासिक निघाले, त्यातून सुधारकांना आव्हाने दिली जाऊ लागली. याला उत्तर म्हणून २१ ऑक्टोबर १८६० च्या ‘सत्यप्रकाश’मध्ये करसनदासांचा तो लेख आला. हिंदूंचा मूळ धर्म आणि हल्लीची पाखंडी मते असा त्याचा मथळा. हा पंथ नवा आहे, पाखंडी आहे, त्याचे महाराज भक्तांच्या बायकामुलींना भ्रष्ट करतात, असे त्यात सरळ लिहिले होते आणि शेवटी जदुनाथजींचे नाव घेऊन त्यांना हे थांबवायला बजावले होते.

लेखाचा एक भाग आम्हाला मुळीच पटत नाही, तोही सांगून टाकतो. करसनदासांचे म्हणणे असे की जुन्या ग्रंथांतला धर्म शुद्ध आणि अलीकडचे पंथ तेवढे नासके. बाबासाहेबांनी नेमके त्या जुन्या ग्रंथांचेच प्रमाणपण नाकारले. महाडला मनुस्मृती जाळली गेली ती अलीकडची पोथी म्हणून नव्हे. करसनदासांच्या मंडळींना हवेलीत देवाच्या जवळ जाता येत होते म्हणून त्यांना देव सुधारायचा होता. ज्यांना हवेलीच्या उंबऱ्याजवळही उभे करत नव्हते त्यांचा विचार या सुधारणेत फारसा नव्हता. असो. माणसाला त्याच्या काळात आणि त्याच्या जातीत उभे करून पाहिले तरी त्याने केले ते थोडे नाही.

जदुनाथजींनी मे १८६१ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात अब्रूनुकसानीचा दावा लावला. मागणी पन्नास हजार रुपयांची. प्रतिवादी दोघे, संपादक करसनदास आणि छापणारे पारशी गृहस्थ नानाभाई रुस्तमजी राणिना. त्या काळचे पन्नास हजार म्हणजे शाळामास्तरी केलेल्या माणसाच्या सात पिढ्या विकल्या तरी न फिटणारी रक्कम. दावा मोठ्या आकड्याचा लावायचा तो मिळण्यासाठी नव्हे, समोरच्याच्या पोटात गोळा यावा म्हणून, ही युक्ती तेव्हापासूनची आहे. छोट्या पत्राच्या संपादकाला आजही नोटीस येते ती कोटीची येते.

पण पैशापेक्षा भयंकर हत्यार दुसरेच होते. करसनदासांनी लिहिले ते खरे होते हे सिद्ध करायचे तर साक्षीदार लागणार आणि साक्षीदार त्याच जातीतले. भाटिया पुढाऱ्यांनी सभा भरवून ठरवले की महाराजांविरुद्ध साक्ष द्यायची नाही, देईल तो जातीबाहेर. करसनदास घाबरले नाहीत. त्यांनी साक्षीदारांना दडपण्याचा कट केल्याबद्दल उलटा खटला भरला आणि तो जिंकला. पुढाऱ्यांना दंड झाले. न्याय मागणाऱ्याच्या तोंडावर बहिष्काराचे फडके कोंबायचे ही रीत आमच्या लोकांना सांगायला नको. १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सभासद होते आणि त्या समितीनेही अस्पृश्यांवरच्या बहिष्काराची दखल घेतली. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा यायला मात्र २०१६ साल उजाडले, अंमल २०१७ मध्ये सुरू झाला. भाटिया पुढाऱ्यांना दंड झाला त्याला तोवर दीडशे वर्षे उलटून गेली होती.

मुख्य सुनावणी २५ जानेवारी १८६२ ला सुरू झाली. सरन्यायाधीश सर मॅथ्यू सॉस आणि सर जोसेफ आर्नोल्ड हे दोघे बसले होते. करसनदासांचे वकील अँस्टे, महाराजांचे बेली. कामकाज चोवीस दिवस चालले, दोन्ही बाजूंचे मिळून साठाहून जास्त साक्षीदार तपासले गेले. कोर्टात मुंगीला शिरायला जागा नसे. ज्या पंथाने महाराजांना कोर्टात न्यायचे नाही असे लिहून घेतले होते, त्या पंथाचे महाराज आपल्या पायांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. अब्रू भरून मागायची तर उभे राहणे भागच होते.

या खटल्यातली एक साक्ष आजही विचार करायला लावते. डॉ. भाऊ दाजी लाड हे मुंबईतले नामांकित डॉक्टर, पेडण्याजवळच्या मांद्र्याचे, विद्वान, सुधारकांचे मित्र. ते आणि डॉ. धीरजराम दलपतराम यांनी कोर्टात येऊन महाराजांच्या गुप्तरोगाविषयी साक्ष दिली. जो आजार रोग्याने डॉक्टरला विश्वासाने सांगितला तो डॉक्टरने भरकोर्टात सांगावा काय? कायद्याचे उत्तर सोपे आहे. वकिलाला अशिलाची गुपिते झाकण्याचे जे संरक्षण पुरावा कायद्यात आहे, तसे डॉक्टरला नाही. न्यायालयाने विचारले तर सांगावे लागते. पण नीतीचे उत्तर एवढे सोपे नाही. आम्ही या साक्षीवर बराच विचार केला. एखाद्या गिरणीकामगाराचा असा आजार कोणी वर्तमानपत्रात छापला असता तर आम्ही त्या छापणाऱ्याला माफ केले नसते. मग महाराजांचा आजार उघड झाला म्हणून आम्हाला वाईट का वाटत नाही?

कारण तो आजार एका माणसाचा राहिला नव्हता. जो पुरुष आपल्या शरीराची पूजा करून घेतो, भक्तांच्या बायकामुलींनी आपल्याला देह वाहणे हा धर्म आहे असे शिकवतो आणि त्या शिकवणुकीवर मंदिराचा कारभार चालवतो, त्याने आपला शेजघराचा दरवाजा स्वतःच चव्हाट्यावर आणून ठेवलेला असतो. तिथे जे घडते त्याची झळ ज्यांना लागते त्यांना ते कळण्याचा हक्क आहे. दोन्ही डॉक्टरांनी कोर्टात विचारल्यावर सांगितले, बाजारात जाऊन सांगितले नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

२२ एप्रिल १८६२ ला निकाल लागला. लेखातले आरोप खरे ठरले आणि करसनदास जिंकले. खर्चापोटी साडेअकरा हजार रुपये त्यांना मंजूर झाले, त्यांचा प्रत्यक्ष खर्च याहून जास्त झाला होता. पण दोघा न्यायमूर्तींचे सगळ्या बाबतीत एकमत नव्हते आणि मतभेदाची जागा नेमकी आपल्या विषयाची आहे. आरोप खरे आहेत यावर दोघे एक. प्रश्न उरला तो असा की एखाद्याच्या खासगी वर्तनाबद्दल असे छापणे हे वृत्तपत्राचे कर्तव्य म्हणता येईल का आणि त्या कर्तव्याला कायद्याने संरक्षण द्यावे का. सरन्यायाधीश सॉस यांनी इथे हात आखडता घेतला. आर्नोल्ड पुढे गेले. वर्तमानपत्र हे लोकांचे शिक्षक आहे, धर्मगुरूच्या हातून धर्माच्या नावाखाली अनीती घडत असेल तर ती उघड करणे हे त्याचे कामच आहे, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. नीतीत जे वाईट ते धर्मात चांगले होऊ शकत नाही, हा त्यांच्या निकालाचा कणा. बलाढ्य लोकांविरुद्ध उभे राहिल्याबद्दल करसनदासांचे त्यांनी मोकळेपणी कौतुक केले.

आम्हाला आर्नोल्ड पटतात. पण सॉस यांची शंका अगदी फेकून देण्यासारखी आहे असेही नाही. वृत्तपत्राच्या हाती प्रत्येकाच्या घराची किल्ली दिली तर ती किल्ली कोणाच्या घराला पहिल्यांदा लागेल? महाराजांच्या हवेलीला नक्कीच नाही. ती लागेल झोपडीला.

२९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीचे कितीतरी दिवस बातम्यांत काय आले ते आमच्या वाचकांनी विसरले नसेल. मारल्या गेलेल्या आईच्या चारित्र्याच्या कहाण्या आल्या. अनैतिक संबंधातून प्रकार घडला असे छापले गेले. कोणी सांगितले, कशावरून, काही नाही. जमिनीचा वाद, जातीचा माज हे सारे त्या एका शब्दाखाली गाडले गेले. मेलेल्या बाईला अब्रूनुकसानीचा दावा लावता येत नव्हता. आणि तिची अब्रू पन्नास हजारांची होती असे वृत्तपत्रांना वाटत नव्हते! मारणाऱ्यांच्या घरांची मात्र कोणी अशी झडती घेतली नाही.

करसनदासांचा लेख या बातम्यांशेजारी ठेवून पाहावा. त्यांनी नाव घेतले ते महाराजांचे. बायकांपैकी एकीचेही नाव त्यांनी लेखात घातले नाही. नावे त्यांच्या कानावर आली नसतील असे नाही, मुंबईतल्या त्या एवढ्याशा समाजात सगळ्यांना सगळे ठाऊक असे. पण ज्याच्या हाती सत्ता होती त्याला त्यांनी उघडे केले आणि जिच्या हाती काही नव्हते तिला झाकले. खटल्यात मात्र हे झाकण फारसे टिकले नाही. कोर्टात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्या बायकांविषयी पुरुष बोलत राहिले, त्यांच्या चालचलणुकीचा कीस पाडत राहिले. त्या बायकांना काय म्हणायचे होते ते आमच्यापर्यंत पोचलेले नाही. करसनदासांच्या विजयाची ही काळी बाजू आहे, आणि ती त्यांच्या चरित्रांतून सहसा दिसत नाही.

कायद्याने पुढे ही चूक थोडीफार सुधारली. बलात्कारपीडितेचे नाव छापणे १९८३ मध्ये गुन्हा ठरले. १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माणसाला आपले खासगी आयुष्य झाकून ठेवण्याचा हक्क आहे, पण सार्वजनिक अधिकाऱ्याने आपल्या कामात केलेल्या गोष्टींबाबत तो या हक्काआड दडू शकत नाही. त्याच निकालात अत्याचारपीडित स्त्रीचे नाव मात्र नोंदीत असले तरी छापू नये असेही म्हटले. करसनदासांनी आपल्या लेखात जे केले होते तेच १३४ वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आले. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. या निकालाच्या निमित्ताने वकीलमंडळींना एक जुना कागद आठवला तो बाबासाहेबांचा. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी माणसाचा देह, घर, कागदपत्रे यांची मनमानी झडती घेता येणार नाही असे कलम सुचवले होते. घटनेत ते आले नाही. ज्याच्या वस्तीत पोलीस आणि पाटील वाटेल तेव्हा शिरत होते, त्या समाजाच्या माणसाला घराच्या दाराची किंमत जास्त कळावी यात नवल नाही.

राहिला प्रश्न फौजदारी अब्रूनुकसानीचा. जुनी दंडसंहिता १ जानेवारी १८६२ ला लागू झाली, करसनदासांची सुनावणी सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी. त्यांचा दावा दिवाणी होता म्हणून खरे आहे एवढे सिद्ध करून ते सुटले. दंडसंहितेत तेवढ्याने भागत नाही, खरे असून शिवाय लोकहिताचे आहे हेही दाखवावे लागते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कायम ठेवले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेतही ते आहे. या कलमावर आमचे मन दुभंगलेले आहे हे आम्ही कबूल करतो. त्याचा मार आमच्या संपादकांनी खाल्ला आहे. पण खैरलांजीसारख्या वेळी तशा बातम्या छापणाऱ्यांना जाब विचारायला दुसरे कोणते हत्यार गरिबाच्या हाती आहे, तेही आम्हाला दिसत नाही. पैसा भरून मागणारा दिवाणी दावा गरिबाला परवडत नाही.

करसनदासांकडे परत येतो. खटला जिंकल्यावर त्यांची मिरवणूक निघाली असेल असे कोणाला वाटेल. दुसऱ्याच वर्षी, १८६३ मध्ये, ते कापसाच्या व्यापारासाठी इंग्लंडला गेले. व्यापार जमला नाही, प्रकृती बिघडली, परत आले. समुद्र ओलांडला म्हणून जातीने त्यांना वाळीत टाकले. भाटिया पुढाऱ्यांना ज्या बहिष्काराबद्दल कोर्टाने दंड केला, तोच बहिष्कार आता त्यांच्याच वाट्याला आला आणि यावेळी दाद मागायला कोर्ट नव्हते. प्रवासाचे पुस्तक त्यांनी लिहिले. महाराजांच्या पंथाचा इतिहास १८६५ मध्ये लंडनला इंग्रजीत छापला, त्यात खटल्यातल्या साक्षी जोडल्या. वृत्तपत्र मागे राहिले. १८६७ मध्ये काठेवाडात संस्थानी कारभाराची नोकरी मिळाली, आधी राजकोट, मग लिंबडी. तिथेच २८ ऑगस्ट १८७१ ला ते वारले. वय एकोणचाळीस वर्षांचे होते.